बावीस शब्दांची यादी

१२ डिसेंबर १९८२, रविवार. देवणी

दुपारी तांदूळ निवडत बसले होते. गौरम्मा आली आणि उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली, "बाई, मला इंग्रजी पास करून द्या." बरणीचं घट्ट झाकण उघडून द्या म्हणावं, तसं.

तिला आत बसवलं. तिचं सगळं नीट लिहून ठेवते, नाहीतर माझ्याच डोक्यात गोंधळ होईल. तिचा नवरा बसवंत उस्मानाबादला कलेक्टर कचेरीत शिपाई होता. दोन वर्षांपूर्वी काविळीनं गेला. त्याच्या जागी घरातल्या एकाला सरकारी नोकरी मिळायची आहे. त्या नोकरीचा अर्ज उस्मानाबादला पडून होता. ऑगस्टमध्ये लातूर वेगळा जिल्हा झाला, तेव्हा बाकीच्या दप्तराबरोबर तोही लातूरला आला आणि इतक्या दिवसांनी हलला. तीस जूनच्या आत एक नाव कळवा, असं पत्र आलंय. गौरम्मा तोवर मॅट्रिक झाली तर तिला कारकुनाची जागा. नाही झाली तर शिपायाची. तिचा दीर मलप्पा मॅट्रिक आहे. त्याचं नाव दिलं तर तो सरळ कारकून.

"मामा काय म्हणतात?" मी विचारलं. मामा म्हणजे तिचे सासरे, ईश्वरप्पा.

"मामा म्हणले, मॅट्रिक हो, कारकून हो, माझं काय म्हणणं न्हाई. पर माझी सून सायबाला पाणी नेऊन देणार असंल तर ते मला चालायचं न्हाई. मग मुकाट्यानं मलप्पाच्या नावानं सही दे."

"आणि तू काय म्हणालीस?"

"हाव म्हणले. शब्द दिला."

बाहेरून परीक्षेला बसून तिनं बाकीचे सगळे विषय सोडवलेत. इंग्रजी दोनदा राहिलं.

"किती मार्क होते?"

"पयल्यांदा अठ्ठावीस. मग सव्वीस."

"म्हणजे खाली उतरलीस."

"हाव. म्हणून तर आले."

बत्तीस वर्षांची आहे. मुलगी रुद्राणी दुसरीत. ही नोकरी गेली तर आयुष्यभर दिराच्या घरात वाढून दिलेलं खायचं, हे ती बोलली नाही. मी मात्र तेच ऐकलं.

हो म्हणून बसले.

१४ डिसेंबर, मंगळवार

शाळा सुटताना ईश्वरप्पा फाटकाशी उभे. उंच माणूस, पांढरा फेटा, हातात बैलाचं दावं. देवणीचा बैल, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा, पण बरगड्या मोजता येत होत्या.

"बाई, सुनेला कधीपर्यंत बसवून ठेवणार?"

"मार्चपर्यंत. परीक्षा होईपर्यंत."

"पास व्हईल?"

"होईल."

"न्हाई झाली तर?"

मी फाटकाची कडी लावली. ते म्हणाले, "दिवस बुडायच्या आत मोकळी करत जावा," आणि बैल वळवून चालू लागले.

एवढा मोठा माणूस, विधवा सुनेनं तासभर पुस्तक धरलं तर तेवढंही बघवत नाही. वाईट वाटलं.

१९ डिसेंबर, रविवार

आज यादी काढली.

ही यादी मी मॅट्रिकला असताना नांदेडला गुरुपादप्पा मास्तरांनी वर्गात सांगितली होती. माझी पहिली तीन वर्षं निजामाच्या राज्यात उर्दूत गेली, मग एकाएकी मराठी, मग इंग्रजी. मी कुठलंच धड बोलत नव्हते. उभी राहिले की मुलं हसायची. त्या दिवशी मास्तरांनी बावीस शब्द सांगितले आणि दुसऱ्या दिवशी विचारले. अख्ख्या वर्गात मला एकटीला सगळे आले. त्यानंतर कुणी हसलं नाही. पुढं मी इंग्रजीचीच बाई झाले, त्याचं मूळ तिथं आहे.

गौरम्माला समजावलं. कर्मणी प्रयोगात, म्हणजे पॅसिव्ह व्हॉइसमध्ये, करणाऱ्याच्या आधी इंग्रजीत 'बाय' लागतो. मांजरानं उंदीर मारला, तर उंदीर मारला गेला 'बाय' मांजर. पण काही क्रियापदांना 'बाय' चालत नाही, दुसरं शब्दयोगी लागतं. नोन असेल तर 'टू'. सरप्राइज्ड असेल तर 'ॲट'. सॅटिसफाइड, 'विथ'. कंटेन्ड, 'इन'. इंटरेस्टेड, 'इन'. मॅरिड, 'टू'.

"का वो असं?"

"तसंच आहे. पाठ करायचं."

ती गेल्यावर मात्र तो प्रश्न मनातून जाईना. मारणं, कापणं, धुणं, हाताची कामं असली की 'बाय' चालतो. पण कळणं, चकित होणं, समाधान वाटणं, इथं करणारा कुणी नसतोच. आपणही मराठीत 'मी आश्चर्य केलं' कुठं म्हणतो? 'मला आश्चर्य वाटलं' म्हणतो. कुठूनतरी येतं आणि आपल्याला लागतं. हे तिला सांगायला हवं होतं. पण परीक्षेत तसं विचारत नाहीत.

ह्यांना रात्री जेवताना यादी वाचून दाखवली. ह्यांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचारलं, "सिंधु, ह्याला मार्क किती असतात?"

"पाच."

"शंभरात?"

पोस्टात काम करून माणसाला सगळ्याचं वजन करायची सवय लागते.

५ जानेवारी १९८३, बुधवार

गौरम्माला घरी पाठांतराला वेळच नाही. यंदा पाऊस दगा देऊन गेला, रानात काही नाही, म्हणून निम्मं गाव रोजगार हमीच्या पाझर तलावावर आहे. तीही जाते. ईश्वरप्पा तिथले मुकादम.

"मग पाठ कधी करतेस?"

"कामावरच. तुम्ही येऊन बघा तरी."

शाळा अर्धी होती, गेले. चाळीस बायकांची रांग खड्ड्यापासून भरावापर्यंत. मातीची टोपली हातोहात पुढं सरकते. गौरम्मा टोपली पुढं देताना ओरडते, "नोन!" पुढची नीलाबाई ती घेताना म्हणते, "टू!" पुढची टोपली. "सरप्राइज्ड!" "ॲट!" "कंटेन्ड!" "इन!" नीलाबाईला अंगठ्याशिवाय काही येत नाही, पण 'विथ' असा खणखणीत म्हणते की आमच्या दहावीच्या पोरींनी लाजावं.

"बाई," मला बघून नीलाबाई ओरडली, "ॲट म्हंजी काय वो?"

"काही नाही. नुसतं ॲट."

"घ्या! दोन आठवडे ओरडून राहिलो आणि काय न्हाईच!" सगळ्या रांगेला हसू आलं. मागून कुणीतरी म्हणालं, "नीले, तुझ्या नवऱ्याला म्हण की ॲट, घाबरंल त्यो."

ईश्वरप्पा भरावावर उभे होते. हसले नाहीत. "हात चालू द्या," एवढंच म्हणाले.

मला इतका आनंद कधी झाला होता ते आठवत नाही. माझी यादी उन्हात, मातीत, चाळीस बायकांमधून चालली होती.

९ जानेवारी, रविवार

गौरम्मानं विचारलं, "बाई, पत्र कधी शिकवणार?" इंग्रजी पत्रलेखनाचा प्रश्न असतो. म्हटलं, आधी हे पक्कं होऊ दे. एक गोष्ट पक्की झाली की बाकीच्या आपोआप येतात.

१५ जानेवारी, शनिवार. नांदेड

संक्रांतीला माहेरी आले. आज गुरुपादप्पा मास्तरांकडे गेले. ऐंशीच्या पुढं आहेत, ओट्यावर ऊन खात बसले होते. तिळगूळ दिला, पाया पडले, नाव सांगितलं. ओळखलं.

मी म्हटलं, "सर, तुमची बावीस शब्दांची यादी मी अजून शिकवते."

"कोणती यादी?"

मी सांगितली. खूप वेळ विचार करून म्हणाले, "हां. त्या दिवशी आमच्याकडं पाव्हणे आले होते. धड्याची तयारी झाली नव्हती. तास कसा काढावा म्हणून काहीतरी सांगितलं असणार." आणि दात नसलेल्या तोंडानं हसले. "तू पाठ केलंस व्हय ते सगळं?"

वय झालंय. विसरायला होतंय त्यांना. येताना वाईट वाटत राहिलं.

३० जानेवारी, रविवार

आज घात झाला.

महिन्याचं पाठांतर झालं म्हणून गौरम्माची परीक्षा घेतली. बावीसच्या बावीस क्रियापदं तिनं धडाधड म्हणून दाखवली. मग मी म्हटलं, "आता पुढचा शब्द. सॅटिसफाइड?"

ती गप्प.

"इंटरेस्टेड?"

गप्प. मग एकदम तोंडावर हात ठेवला. "बाई, ते नीलाबाई म्हणते."

खरंच तसं होतं. रांगेत पहिला शब्द हिचा, उत्तर नीलाबाईचं. महिनाभर ही रोज शेकडो वेळा प्रश्न म्हणत होती आणि उत्तर त्या अंगठाबहाद्दर बाईच्या तोंडात बसलं. परीक्षेला नीलाबाईला पाठवलं तर पाचपैकी पाच.

आधी दोघी हसलो. मग ती हसायची थांबली आणि मीही.

३१ जानेवारी, सोमवार

शाळा सुटल्यावर थेट तलावावर गेले. मुकादमाला विनंती करायची होती, दोघींच्या जागा बदला म्हणून. वाटेत शब्द जुळवत होते, कारण हा माणूस नाहीच म्हणणार.

जाऊन बघते तर नीलाबाई आधी, गौरम्मा तिच्या पुढं. टोपली देताना नीलाबाई ओरडते, "सॅटिसफाइड!" आणि घेताना गौरम्मा अडखळत, "वि... विथ!"

"जागा कुणी बदलल्या?"

नीलाबाई म्हणाली, "आज सकाळच्याला आप्पांनी. मला म्हणले तू मागं सर."

ईश्वरप्पांकडं बघितलं. ते म्हणाले, "तिकडं मुरूम जड लागलाय. नीलाला दम लागतो."

नीलाबाई गौरम्मापेक्षा दुप्पट आहे अंगानं. पण असो, मुकादमाला मुरमाचं जास्त कळत असेल. नशीब म्हणायचं. मागायच्या आधीच मिळालं आणि त्या माणसापुढं तोंड वेंगाडावं लागलं नाही.

२० फेब्रुवारी, रविवार

सकाळी ईश्वरप्पा घरी. हातात घडी घातलेला कागद. मलप्पानं उदगीरहून टाइप करून आणलेला. गौरम्माची हरकत नाही, नोकरी मलप्पाच्या नावानं; खाली तिची सही व्हायची आहे.

"ह्याच्यात काय लिवलंय ते वाचा."

वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

"तारीख घातलीय का?"

"नाही. जागा कोरी आहे."

"मग ठेवा तुमच्याकडंच. आमच्या घरात उंदीर लई झाल्यात."

"माझ्याकडं? मी कशाला?"

"मी आता जनावरं घेऊन चाऱ्याच्या छावणीवर चाललो. तलावावर दुसरा मुकादम येतोय. पाऊस पडंपर्यंत घरी सापडायचो न्हाई. मलप्पानं मागितला तरी देऊ नका. मी आल्याबिगर कायबी व्हायचं न्हाई."

सगळं आपल्याच मुठीत पाहिजे. जाताना दारात थांबून विचारलं, "किती राहिलं तिचं?" मी म्हटलं, बावीसपैकी एकोणीस येतात. ते म्हणाले, "बावीसच असत्यात का परीक्षेत?" मी म्हटलं, हे महत्त्वाचं असतं. मान हलवून गेले.

कागद पाटाखाली ठेवला आहे. घरात तो आहे म्हणून मला नीट बसवत नाही.

गौरम्मा दुपारी आली तेव्हा पत्राचं पुन्हा बोलली. राहिलेले तीन शब्द आधी पुरे करू म्हटलं. तिनं बरं म्हणून वही उघडली.

१६ मार्च, बुधवार

उदगीरला इंग्रजीचा पेपर. मी रजा काढून बरोबर गेले. पहाटेची एस.टी., गौरम्मा सगळी वाट ओठ हलवत होती. पुढच्या बाकावरची म्हातारी वळून म्हणाली, "कोणत्या देवाचं गं?" गौरम्मा म्हणाली, "सरस्वतीचं."

तीन तास समोरच्या लिंबाखाली बसले. टँकर आला होता, बायकांची झुंबड, भांडण, सगळं बघून झालं. ती बाहेर आली. मी पहिल्यांदा विचारलं, "व्हॉइस?"

पाचही वाक्यं सांगितली. पाचही बरोबर. दोन तर थेट यादीतली. मी तिला तिथंच रस्त्यात जवळ घेतलं.

"बाकीचं?"

"लिवलं जमंल तसं," ती म्हणाली. "चला बाई, पाणी पिऊ. तुमचा घसा सुकला असंल."

२ मे, सोमवार

वळवाचाही पत्ता नाही. विहिरीत दोरी सोडली की नुसता बादलीचा आवाज येतो. शाळेला सुट्टी. गौरम्मा तलावावर जाते. नीलाबाई सांगत होती, परीक्षा झाली तरी रांगेत ते शब्द चालूच आहेत. त्याशिवाय हात चालत नाही म्हणे.

१५ जून, बुधवार

निकाल. पेपरात नंबर नाही.

ह्यांनी दोनदा बघितला. मग मी. मग ह्यांनी पेपर घडी करून ठेवला आणि मला चहा करून दिला.

१७ जून, शुक्रवार

गौरम्मा उदगीरहून मार्कपत्रक घेऊन आली. बत्तीस. पस्तीसला पास. तीन मार्क.

मी म्हटलं, पेपर आण. तिनं प्रश्नपत्रिका जपून ठेवली होती. एकेक प्रश्न घेऊन बसलो. व्हॉइस, पाच. उतारा बरा. पत्र, दहा मार्क.

"पत्रात काय लिहिलंस?"

"काय न्हाई. कोरं सोडलं. वर पत्ता कुठं लिवायचा तेच माहीत न्हवतं."

नुसता पत्ता, तारीख आणि 'डिअर सर' लिहिलं असतं तरी तीन मार्क मिळाले असते. एका दुपारचं काम होतं.

ती गेल्यावर ही वही उघडून मागचं वाचलं. जानेवारीत तिनं विचारलंय. फेब्रुवारीत विचारलंय. माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. ह्यांनी तर डिसेंबरातच सांगितलं होतं. मास्तरांनी हसून सांगितलं होतं. मला तेव्हा फक्त चाळीस बायका ओरडताना ऐकू येत होतं.

तिला अजून सांगितलं नाही. ती मला म्हणाली, "बाई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

१९ जून, रविवार

मलप्पा आला. वाईट मुलगा नाही, घाईत आहे इतकंच. "बाई, तो कागद द्या. वैनी सही करते म्हणाल्यात."

"ईश्वरप्पा आल्याशिवाय देता येत नाही."

"आप्पा आलेत छावणीवरून. ते म्हणले कागद बाईंनाच घेऊन येऊ दे लातूरला. बाईंनी वाचायचा, मग सही."

म्हणजे शेवटचं वाचनही माझ्याच तोंडानं. माझ्या चुकीला याहून नेमकी शिक्षा कुणी ठरवली नसती. जाईन म्हटलं.

२७ जून, सोमवार

लातूरला जाऊन आले. दमले आहे, पण आजचं आजच लिहिते.

नव्या जिल्ह्याची कचेरी अजून नीट बसलेली नाही. कपाटांवरचं 'उस्मानाबाद' खरवडून वर 'लातूर' रंगवलंय, खालचं अक्षर दिसतंच आहे. फायली पोत्यांत. टेबलांना खडूनं नंबर घातलेले. आमच्या टेबलाचे साहेब तरुण होते, पण मऊ बोलणारे. बसा म्हणाले. खुर्च्या दोनच होत्या. गौरम्मा आणि मी बसलो, मलप्पा आणि ईश्वरप्पा उभे.

"तर नाव कुणाचं कळवायचं?"

मलप्पानं आपली प्रमाणपत्रं पुढं ठेवली. मी कागद काढला, वाचला. माझा आवाज मलाच परका वाटत होता. गौरम्मानं तारीख घातली. पेन सहीच्या जागेवर नेलं. शब्द दिला होता, तो पाळत होती.

ईश्वरप्पांनी कागदावर हात ठेवला. सगळा कागद झाकला गेला.

"सायब, शिपायाच्या जागेला शिक्षण किती लागतं?"

"सातवी चालते."

"तेवढी झालीय ती."

साहेबांनी वर बघितलं. "अहो, पण तुमचा मुलगा कारकून होतोय की. घरात कारकुनाची नोकरी येत असताना..."

"त्यो मॅट्रिक हाय. त्याला दुसरीकडं बी मिळंल. हिला दुसरीकडं कोण देतंय?"

मलप्पाचा चेहरा उतरला. "आप्पा, तुम्हीच म्हणला होता. चार माणसांत म्हणला होता. माझी सून सायबाला पाणी नेणार न्हाई म्हणून."

"म्हणलो होतो."

"मग आता लोक काय म्हणतील?"

ईश्वरप्पा त्याच्याकडं वळले. मग म्हणाले, "तलावावर माझ्यासमोर टोपल्या उचलत व्हती ती. तवा मी काय तोंड फिरवलं का? हजेरी घातली तिची. पाण्याचा गिलास टोपलीपेक्षा जड असतोय व्हय रे?"

मलप्पानं प्रमाणपत्रं गोळा केली.

"लिवा सायब," ईश्वरप्पा म्हणाले. "गौरम्मा बसवंत."

गौरम्मा म्हणाली, "मामा, मी शब्द दिला व्हता."

"मी घेतला व्हता. मी परत दिला. हितं तुझं काय काम?"

साहेबांनी नाव लिहिलं. पुढं मॅट्रिक झाल्या तर कारकुनीसाठी अर्ज करता येईल, ऑक्टोबरात परीक्षा आहेच, म्हणाले. हुकूम यायला पंधरा दिवस लागतील. गौरम्मा खाली बघत होती. टेबलावर दोन थेंब पडले, ते तिनं पदरानं पुसले आणि मग सवयीनं सगळंच टेबल पुसलं. साहेब म्हणाले, "अहो, अजून हुकूम निघायचाय." तेव्हा कुठं ती हसली.

मलप्पा लातूरलाच मित्राकडे राहिला. संध्याकाळच्या गाडीनं आम्ही तिघं निघालो. गौरम्मा खिडकीशी बसली आणि लगेच झोपली, सहा महिन्यांची झोप एकदम आल्यासारखी. ईश्वरप्पा पलीकडच्या बाकावर, फेटा मांडीवर. फेट्याशिवाय ते म्हातारे दिसत होते.

मी म्हटलं, "ईश्वरप्पा, तुम्हाला एक सांगायचंय. ती नापास झाली ती माझ्यामुळं. पत्राला दहा मार्क होते. ती मागत होती आणि मी शिकवलं नाही. ती यादीच घेऊन बसले."

"ठाऊक हाय."

"ठाऊक आहे? कुणी सांगितलं?"

"तीच बोलली व्हती. मी छावणीवरून मधी येऊन गेलो तवा. म्हणली, मामा, पत्राचं राहिलंय आणि दिवस चालल्यात. मी म्हणलं, मग सांग की बाईला सरळ."

"मग?"

त्यांनी झोपलेल्या गौरम्माकडं बघितलं आणि आवाज खाली घेतला. "तर म्हणली, दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगवत न्हाई. ती यादी शिकवताना बाईंचं तोंड लई आनंदी असतं. मधीच कसं तोडू?"

कंडक्टरनं दिवा लावला आणि खिडकीच्या काचेत मला माझं तोंड दिसायला लागलं. ते मी फार वेळ बघितलं नाही. उदगीरला गाडी थांबली तेव्हा ईश्वरप्पा खाली उतरून शेंगा घेऊन आले. एक पुडी मला, एक तिच्या मांडीवर, तिला न उठवता.

मी बावीस वर्षं शिकवते आहे. मुली माझ्याकडून शिकतात, असंच मी धरून चालले. त्यांतल्या किती जणींनी मला सांभाळून घेतलं असेल, याचा आज पहिल्यांदा विचार केला.

उद्या संध्याकाळी गौरम्मा येईल. हुकूम येईपर्यंत पंधरा दिवस आहेत, मग ती लातूरला जाईल. या पंधरा दिवसांत काय शिकायचं ते तिनं सांगायचं. मी विचारीन आणि ती बोलेपर्यंत गप्प बसेन.

गप्प बसणं मला जमेल की नाही, सांगता येत नाही.